लॉग आपले, चावी त्यांच्याकडे: २०२३ च्या ईमेल घुसखोरीचा प्रकरण अभ्यास

१५ जून २०२३, गुरुवार. अमेरिकेच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सुरक्षा कक्षाला आपल्या ईमेल व्यवस्थेत काहीतरी वावगं चाललंय असं जाणवलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच लोकांनी पूर्वी लिहून ठेवलेल्या एका नियमाने इशाऱ्यांचा सपाटा लावला. कुठल्या मेलबॉक्समधला कुठला मेल कोणत्या ॲपमधून उघडला गेला, याच्या नोंदी हा नियम सतत चाळत असे. त्या नोंदींत आता असं एक ॲप दिसत होतं, जे तिथे मेल उघडायला एरवी वापरलंच जात नव्हतं. त्याच शुक्रवारी मंत्रालयाने मायक्रोसॉफ्टला कळवलं आणि महिनाभर गुपचूप चाललेली घुसखोरी उघडकीला आली.

मेल मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर होते. ते कोणी उघडले याचे लॉगही (म्हणजे आपोआप लिहिल्या जाणाऱ्या नोंदी) तिथेच होते. मंत्रालयाला हे लॉग वाचता आले, कारण त्यांनी महागातलं लायसन्स घेतलेलं होतं. स्वस्तातलं लायसन्स घेतलेल्यांच्या मेलबॉक्समध्ये हेच हल्लेखोर शिरले, पण त्यांना ही नोंद बघायलाच मिळत नव्हती.

सर्व्हरचे लॉग दुसऱ्याच्या जागेत ठेवल्यावर काय काय होऊ शकतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं प्रकरण मला माहीत नाही. आपल्याकडे या विषयावरची चर्चा बहुतेक वेळा ‘डेटा देशात आहे की परदेशात’ या प्रश्नापाशीच अडते. इथे जागेचा प्रश्न दुय्यम होता. लॉग वाचायचा हक्क कोणाला आणि किती दिवस, यावर सगळं ठरलं. तो हक्क लॉगच्या मालकाकडे नव्हता, तो सेवा विकणाऱ्याच्या दरपत्रकात होता.

घुसखोरी झाली कशी

या गटाला मायक्रोसॉफ्टने स्टॉर्म-०५५८ असं नाव दिलं आणि तो चीनमधून काम करतो असं सांगितलं. चीनने आरोप फेटाळला. गटाच्या हाती मायक्रोसॉफ्टची २०१६ साली तयार झालेली एक साइनिंग की लागली होती. ‘हा माणूस रीतसर लॉगिन करून आलाय, याला आत सोडा’ असं सांगणारं जे टोकन ब्राउझर सर्व्हरला दाखवतो, त्याच्यावर सही करायची ही की. ती मुळात घरगुती ग्राहकांच्या सेवांसाठी होती. पण टोकन तपासणाऱ्या कोडमध्ये चूक होती, आणि घरगुती कीने सही केलेलं टोकन सरकारी खात्यांच्या आणि कंपन्यांच्या मेलबॉक्सलाही चालून गेलं. अशा की ठरावीक काळाने बदलायच्या असतात. मायक्रोसॉफ्टमध्ये हे काम हाताने व्हायचं, आणि एका बदलाच्या वेळी क्लाउड सेवा मोठ्या प्रमाणात बंद पडल्यावर २०२१ मध्ये ते थांबवलं गेलं. जुनी की तशीच चालू राहिली.

यातली एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. इथे कोणाचा पासवर्ड चोरीला गेला नव्हता. कोणाला फोन करून ओटीपी काढून घेतला नव्हता. बनावट टोकनमुळे लॉगिनची पायरीच गाळली गेली होती. म्हणजे लॉगिनच्या नोंदी कितीही बारकाईने तपासल्या असत्या तरी चोर दिसला नसता. त्याचा माग उरला होता तो एकाच जागी, मेल उघडल्याच्या नोंदीत.

घुसखोरी किमान १५ मेपासून सुरू होती आणि काही मेलबॉक्सच्या बाबतीत सहा आठवडे चालली. २२ संस्था आणि ५०० हून अधिक व्यक्तींचे मेल त्यात वाचले गेले. तेव्हाच्या वाणिज्य मंत्री जीना रायमोंडो, चीनमधले तेव्हाचे अमेरिकी राजदूत निकोलस बर्न्स आणि अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य डॉन बेकन यांचे मेलबॉक्स त्यात होते. एकट्या परराष्ट्र मंत्रालयातून सुमारे ६०,००० मेल गेले.

त्या एका ओळीत काय असतं

या नोंदीचं नाव मेलआयटम्सॲक्सेस्ड. अशी एक ओळ उघडून बघा. वेळ, सेकंदापर्यंत. मेलबॉक्स कोणाचा. कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कोणत्या जोडणीवरून, आला. कोणत्या ॲपने, म्हणजे त्या ॲपचा लांबलचक ओळख क्रमांक. सेशनचा क्रमांक. मेल कुठल्या फोल्डरमध्ये होता. आणि त्या मेलचा स्वतःचा जागतिक क्रमांक, जो पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोघांच्याही सर्व्हरवर सारखाच असतो.

नोंद दोन प्रकारची असते. एखादा मेल उघडला तर बाइंड. कॉम्प्युटरवरच्या ॲपने फोल्डर उतरवून घेतलं तर सिंक. सिंकची नोंद सापडली की अख्खं फोल्डर गेलं असं धरूनच चालावं लागतं. बाइंडच्या नोंदींना एक मर्यादाही आहे. मायक्रोसॉफ्टच्याच कागदपत्रांनुसार एका मेलबॉक्सच्या अशा नोंदी २४ तासांत १,००० च्या वर गेल्या तर पुढचे २४ तास बाइंडची नोंद होतच नाही. रोजच्या वापरात हा आकडा क्वचित गाठला जातो, हे खरं. पण ज्या मेलबॉक्सवर कोणी ताव मारत बसलंय, तिथे तो गाठला जाण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि आपल्याला नोंद हवी असते ती नेमकी तिथलीच. हे तपासकाने आधीच माहीत करून घ्यायला हवं. नाहीतर नोंदी संपल्या म्हणजे चोर निघून गेला, असा उलटा निष्कर्ष निघतो.

मेलचा मजकूर या ओळीत नसतो. म्हणून अनेकजण म्हणतात, लॉगमध्ये खाजगी असं काय आहे? सोसायटीच्या गेटवरच्या वहीतही कोण कोणाशी काय बोललं हे लिहिलेलं नसतं. तरी ती वही महिनाभर चाळणाऱ्याला कुठल्या घरी डॉक्टर येतो, कोणाकडे वसुलीवाले येतात, कोण रात्री किती वाजता घरी पोचतं हे सगळं कळतं. मेलच्या लॉगचं तसंच आहे. फोल्डरला लोक नावं देतात: ‘नवीन नोकरी’, ‘अंतर्गत तक्रार समिती’, ‘केमोथेरपी बिलं’. त्या नावांचा मार्ग नोंदीत येतो. आयपीवरून माणूस ऑफिसात होता, घरी होता की परगावी हे दिसतं. वेळेवरून त्याची झोप दिसते. हे सगळं कर्मचाऱ्याबद्दलचं आहे आणि ते कोणीतरी तिसरा सांभाळतोय.

आयपी पत्ता हा खाजगी माहितीत मोडतो का, यावर युरोपात खटला झाला होता. जर्मन सरकारच्या वेबसाइटी भेट देणाऱ्यांचे आयपी आपल्या लॉगमध्ये साठवतात, याला पॅट्रिक ब्रायर यांनी आव्हान दिलं. युरोपीय न्यायालयाने १९ ऑक्टोबर २०१६ रोजी सांगितलं की, इंटरनेट कंपनीच्या मदतीने माणसापर्यंत पोचायचा कायदेशीर मार्ग वेबसाइट चालवणाऱ्याकडे असेल, तर बदलता आयपीसुद्धा वैयक्तिक माहितीच ठरतो. त्याच निकालात दुसरी बाजूही होती. सेवा सुरळीत चालावी यासाठी लॉग ठेवण्यात चालकाचं रास्त हित असू शकतं, हे न्यायालयाने मान्य केलं. ही ओढाताण पुढेही सगळीकडे भेटते. चोर पकडायला लॉग हवेत, आणि लॉग जितके जास्त तितकी त्यांतली माणसं उघडी.

पुरावा पाहायचा दर

२०२३ मध्ये मायक्रोसॉफ्ट ३६५ ची ई-३ योजना दर माणशी महिना ३६ डॉलरला होती आणि ई-५ योजना ५७ डॉलरला. मेल उघडल्याची नोंद वरच्या योजनेत मिळायची. परराष्ट्र मंत्रालयाकडे तिचीच सरकारी आवृत्ती, जी-५, होती. शिवाय नुसतं लायसन्स असून भागलं नसतं. नोंदी चाळणारा नियम कोणीतरी बसून लिहिला होता आणि इशारा आल्यावर तो गांभीर्याने घेणारी माणसं तिथे होती. याचं श्रेय त्या कक्षाला द्यायलाच हवं. जगातल्या एका बलाढ्य कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणांना जे दिसलं नाही, ते एका ग्राहकाने पकडलं.

आता दुसरं टोक बघा. घुसखोरी झालेल्यांत एक मानवी हक्क संस्था होती. व्होलेक्सिटी ही सुरक्षा कंपनी तिच्यासाठी तपास करत होती. मेलबॉक्समध्ये कोणीतरी शिरलंय असं मायक्रोसॉफ्टने कळवलं होतं, पण संस्थेकडे ई-३ योजना असल्याने तिच्या हाती असलेल्या लॉगमध्ये घुसखोरीचा मागमूस नव्हता. मेल संस्थेचे, धोका संस्थेच्या माणसांना, आणि कोणते मेल वाचले गेले हे तपासायला स्वतःच्या नोंदी मात्र हाताशी नाहीत. मानवी हक्क संस्थेच्या मेलमध्ये कोणाची नावं असतात, हे सांगायला नको. त्यांतल्या कोणाला सावध करायचं हे ठरवायला नेमकी हीच माहिती लागते.

मायक्रोसॉफ्टच्या बाजूने एक मुद्दा रास्त आहे. लॉग साठवायला खर्च येतो. लाखो मेलबॉक्सच्या प्रत्येक उघडझापेची नोंद वर्षभर ठेवायची तर जागा लागते, शोधयंत्रणा लागते. साठवणुकीचे पैसे घ्यावेत, त्याला माझी हरकत नाही. पण ‘तुमच्या घरात कोण शिरलं’ या माहितीचा दर लावणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती मला चुकीची वाटते. सेवेतल्या त्रुटीमुळे चोरी होते, आणि चोरी झाल्याचं कळायला ग्राहकाने त्याच विक्रेत्याला जादा पैसे मोजावेत, हा व्यवहार समर्थनीय नाही. अमेरिकेतही हीच ओरड झाली. १९ जुलै २०२३ रोजी, म्हणजे घुसखोरी जाहीर झाल्यावर साधारण आठवड्याभराने, मायक्रोसॉफ्टने सायबर सुरक्षा संस्था सिसासोबत घोषणा केली की या नोंदी स्वस्त योजनांनाही जादा पैसे न घेता मिळतील आणि लॉग ठेवण्याची मूळ मुदत ९० दिवसांवरून १८० दिवस होईल. अमेरिकी सरकारच्या सगळ्या संस्थांपर्यंत हा बदल पोचला फेब्रुवारी २०२४ मध्ये.

विक्रेत्याचे स्वतःचे लॉगच नाहीत

ती २०१६ ची की मुळात बाहेर गेली कशी?

६ सप्टेंबर २०२३ रोजी मायक्रोसॉफ्टने एक खुलासा प्रसिद्ध केला. एप्रिल २०२१ मध्ये एक यंत्रणा कोसळली, त्या वेळी तयार झालेल्या मेमरीच्या फाइलमध्ये ही की चुकून राहिली, ती फाइल आतल्या कडक बंदोबस्तातून डीबगिंगच्या, म्हणजे दोष शोधण्याच्या, नेटवर्कवर गेली, आणि एका अभियंत्याचं अकाउंट फोडून हल्लेखोरांनी ती मिळवली असावी, असा तो घटनाक्रम होता. त्यातच एक वाक्य होतं: लॉग ठेवण्याच्या मुदतीच्या धोरणामुळे ही चोरी प्रत्यक्ष दाखवणारे लॉग आता उपलब्ध नाहीत. म्हणजे ग्राहकाचे लॉग ९० दिवसांनी संपत होते, आणि जगभरच्या मेलबॉक्सना लागणाऱ्या कीभोवतीचे विक्रेत्याचे स्वतःचे लॉगही दोन वर्षांनी हाती नव्हते.

पुढे तोही घटनाक्रम टिकला नाही. १२ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याच खुलाशात दुरुस्ती केली: अशी की असलेली मेमरीची फाइल आम्हाला सापडलेलीच नाही. या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाने आपल्या अहवालात या दुरुस्तीला लागलेल्या उशिरावर बोट ठेवलं. २ एप्रिल २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या या अहवालात, घुसखोरी टाळता येण्यासारखी होती आणि ती कधीच व्हायला नको होती, असं स्पष्ट म्हटलं आहे. क्लाउड विकणाऱ्यांनी तपासाला लागणारे मूलभूत लॉग जादा आकार न लावता द्यावेत, ही शिफारसही त्यात आहे. की कशी गेली, या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यातही नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये मंडळावरच्या सदस्यांना सरकारने मोकळं केलं, त्यामुळे तो धागा पुढे नेणारं कोणी उरलं नाही.

मोफत लॉगची घोषणा झाली तरी लॉग खरोखर लिहिले जातायत का, हा प्रश्न शिल्लक राहतोच. २ ते १९ सप्टेंबर २०२४ या काळात मायक्रोसॉफ्टच्या आतल्या एका मॉनिटरिंग एजंटमध्ये (यंत्रणांवर लक्ष ठेवून नोंदी पाठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) बिघाड झाला आणि काही ग्राहकांचे सुरक्षा लॉग अर्धवट गोळा झाले. लॉगिनच्या नोंदींनाही त्याची झळ बसली. हा हल्ला नव्हता, साधा बग होता. ज्या संस्थेने आपल्या बाजूला वेगळी प्रत ठेवली होती, तिच्याकडेही त्या दिवसांची भोकंच आली असणार, कारण जे मुळात गोळाच झालं नाही त्याची प्रत कुठून निघणार? म्हणून ‘लॉग येत आहेत’ हे गृहीत धरू नये. रोज किती नोंदी येतात याचा आकडा काढावा आणि तो अचानक घसरला तर त्याचाच इशारा यायला हवा. हल्लेखोरही लॉग बंद करतात, आणि बग की हल्ला हे पहिल्या तासात सांगता येत नाही.

आतली माणसं

लॉग दुसऱ्याच्या सर्व्हरवर म्हटल्यावर त्या दुसऱ्याची माणसंही आली. सेवेत बिघाड झाला की विक्रेत्याचा अभियंता आत बघतो, त्याशिवाय दुरुस्ती होत नाही. त्याने बघण्याआधी ग्राहकाची परवानगी घ्यावी यासाठी मायक्रोसॉफ्टकडे कस्टमर लॉकबॉक्स नावाची सोय आहे. चांगली सोय आहे, पण तीही वरच्या योजनेतच मिळते. जुलै २०२५ मध्ये प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने उघड केलं की अमेरिकी संरक्षण खात्याच्या क्लाउडची देखभाल चीनमधले अभियंते करत होते आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला अमेरिकेतली माणसं नेमली होती, ज्यांच्याकडे अनेकदा तेवढं तांत्रिक ज्ञान नव्हतं. बातमीनंतर कंपनीने ती पद्धत बंद केली. संरक्षण खात्याला जे वर्षानुवर्षं नीट माहीत नव्हतं, ते एखाद्या तालुक्याच्या बँकेला विचारल्याशिवाय कळणार नाही. त्यामुळे कराराच्या वेळीच विचारायला हवं.

पुण्यात साठवलं तर?

मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा ‘सेंट्रल इंडिया’ नावाचा विभाग पुण्यात आहे, ॲमेझॉनचा एक मुंबईत आहे. त्यामुळे आपल्याकडच्या अनेक संस्थांना वाटतं, विभाग पुण्याचा निवडला की काम झालं. पुण्यातल्या डिस्कवर ठेवल्याने लॉग जवळ राहतात, वेगाने उघडतात, भारतीय नियमांशी जुळवून घेणं सोपं जातं. पण या प्रकरणातली की भूगोल बघत नव्हती. टोकनवर सही बरोबर आहे म्हटल्यावर मेलबॉक्स कुठल्या देशात आहे याने फरक पडला नसता. कायद्याचंही तसंच आहे. मार्च २०१८ च्या अमेरिकी क्लाउड ॲक्टनुसार, अमेरिकी कंपनीच्या ताब्यातला डेटा जगात कुठेही असला तरी तिथल्या रीतसर आदेशाने तो मागता येतो.

आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. सर्व यंत्रणांचे लॉग मागच्या १८० दिवसांचे सुरक्षित ठेवा, भारतीय अधिकारक्षेत्रात ठेवा, आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यावर ६ तासांत कळवा. नंतरच्या प्रश्नोत्तरांत सर्ट-इनने सांगितलं की मागितल्यावर देता येत असतील तर लॉग परदेशातही ठेवता येतील. म्हणजे इथेही जोर शेवटी जागेपेक्षा हाती येण्यावरच आला.

आता मुदती शेजारी शेजारी मांडा. २०२२ च्या मध्यापासून भारतात १८० दिवसांची अट लागू होती, आणि मायक्रोसॉफ्टची मूळ मुदत २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत ९० दिवसांची होती. ज्या संस्थेने काहीच न करता विक्रेत्याच्या मुदतीवर विसंबून राहायचं ठरवलं, तिच्याकडे त्या काळात अर्धेच लॉग होते. हेच पुन्हा घडू शकतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ खालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांत अनधिकृत शिरकाव ओळखण्यासाठी आणि तपासासाठी लॉग एक वर्ष ठेवायचे आहेत. ही तरतूद प्रसिद्धीनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होते, आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. मेलच्या लॉगची मूळ मुदत तेव्हाही १८० दिवसच असेल, तर उरलेल्या सहा महिन्यांची सोय आपली आपणच करावी लागणार. सर्वसाधारण सभेत वार्षिक अंदाजपत्रक मांडणाऱ्या पतसंस्थेने किंवा रुग्णालयाच्या ट्रस्टने ही रक्कम आत्ताच धरलेली बरी.

आपल्या हातात काय

या प्रकरणातून मी जे घेतो ते दोन दिशांचं आहे, आणि त्या एकमेकींना छेद देतात.

विक्रेत्याकडे तयार होणाऱ्या लॉगची एक प्रत रोज आपल्या ताब्यातल्या वेगळ्या जागी यायला हवी. ती जागा शक्यतो वेगळ्या अकाउंटमध्ये, वेगळ्या पासवर्डखाली असावी. ज्या ॲडमिनच्या हाती मेलव्यवस्था आहे त्याच्याच हाती लॉगची प्रतही असेल, तर एक अकाउंट फुटलं की दोन्ही गेलं. प्रत लिहिल्यावर ठरावीक दिवस कोणालाच पुसता येऊ नये, अशी सोय बहुतेक क्लाउड साठवणुकीत मिळते. पण ती चालू करण्याआधी दिवसांचा आकडा नक्की करा. एकदा तीन वर्षांचं कुलूप लावलं की कोणी आपली माहिती पुसायला सांगितली तरी ती पुसता येत नाही.

आणि जे लॉग आपण स्वतःहून बाहेर पाठवतो, त्यांतून निघण्याआधीच नको ते गाळायला हवं. स्वतःचे सर्व्हर चालवणाऱ्यांच्या बाबतीत खरी गळती इथे होते. वेब सर्व्हर मूळ सेटिंगवर उघडलेल्या पानाचा पूर्ण वेब पत्ता लॉगमध्ये लिहितो, प्रश्नचिन्हानंतरच्या भागासकट. रुग्णाचा मोबाइल नंबर, पॉलिसीचा क्रमांक, पासवर्ड बदलायच्या लिंकमधलं टोकन, सगळं त्यात येतं, आणि ते लॉग दुसऱ्याच्या सर्व्हरवर पाठवलं की तिथल्या प्रत्येक शोधखिडकीत दिसतं. मोठमोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण ते आतल्या एका लॉगमध्ये उघडे लिहिले जात होते. फेसबुकच्या आतल्या यंत्रणांत पासवर्ड असेच उघडे साठल्याबद्दल सप्टेंबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने मेटाला ९ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. हे गाळण्याचं काम लॉग पोचल्यावर करून उपयोग नाही. ते पाठवणाऱ्या सर्व्हरवरच व्हायला हवं.

वाटेचं काय, हे थोडक्यात. सिसलॉग म्हणजे सर्व्हरचे लॉग दुसरीकडे पाठवायची पद्धत. जुन्या पद्धतीचा सिसलॉग ५१४ पोर्टवर यूडीपीने, म्हणजे पोचपावतीशिवाय, उघडा जातो, वाटेत कोणीही वाचू शकतो आणि डेटाचं एखादं पाकीट हरवलं तर कळतही नाही. टीएलएसमधून, म्हणजे कूटबद्ध करून, ६५१४ पोर्टवर पाठवायची सोय कित्येक वर्षं आहे, ती वापरावी.

आयपी पत्त्याबद्दल मात्र मला सोपं उत्तर देता येत नाही. शेवटचा आकडा शून्य करून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने खाजगीपण जपलं जातं, पण हल्ल्याच्या वेळी नेमका तोच आकडा लागतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रकरणात आयपी आणि ॲपचा क्रमांक पुसलेले असते तर हाती काहीच राहिलं नसतं. मला त्यातल्या त्यात बरा वाटणारा मार्ग असा: बाहेर पाठवताना आयपीच्या आणि मेलबॉक्सच्या नावाच्या जागी गुप्त कीने काढलेला हॅश (मूळ नाव न दाखवणारा, पण त्याच नावासाठी दर वेळी सारखाच येणारा सांकेतिक मजकूर) पाठवावा आणि ती की आपल्याकडेच ठेवावी. एकाच माणसाच्या नोंदी एकत्र जुळतात, पण माणूस कोण हे बाहेरच्याला कळत नाही. तपासाची वेळ आली की दोन जबाबदार व्यक्तींच्या सहीने ती की वापरून ओळख पटवता येते. अर्थात हे आपण पाठवलेल्या लॉगबद्दल झालं. मेलआयटम्सॲक्सेस्डसारखी नोंद विक्रेत्याच्या घरीच जन्माला येते, तिथे आपला काही इलाज चालत नाही.

लॉग वाचणाऱ्यांची नोंदही ठेवायला हवी, आणि ती ॲडमिनच्या वरिष्ठाने बघायला हवी. सहकाऱ्याच्या मेलबॉक्सचे लॉग कुतूहलाने चाळणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असू शकतो. कर्मचाऱ्यांना कोणत्या नोंदी ठेवल्या जातात हे लेखी सांगितलेलं असावं.

कराराच्या मसुद्यात मी मागेन त्या गोष्टी साध्या आहेत. कोणत्या योजनेत कोणत्या नोंदी मिळतात त्याची यादी. मुदत, दिवसांत. करार संपल्यावर लॉग कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळणार. विक्रेत्याच्या माणसाने आत पाहिलं तर ते आम्हाला कधी कळणार. परदेशी आदेशाने लॉग मागितले गेले तर कायद्याने मुभा असेल तोवर आधी आम्हाला कळवणार का. यांतल्या काही प्रश्नांना मोठा विक्रेता ‘आमचा छापील करार आहे, बदलता येणार नाही’ असं उत्तर देईल. ते उत्तरही लेखी घ्यावं आणि संचालक मंडळापुढे ठेवावं, म्हणजे जोखीम कोणी स्वीकारली हे इतिवृत्तात राहतं.

सही करण्याआधी एक प्रत्यक्ष चाचणीही घ्यायला हवी. चार महिन्यांपूर्वीचा कुठलाही एक दिवस निवडायचा, एक मेलबॉक्स निवडायचा, आणि ‘त्या दिवशी या मेलबॉक्समध्ये कोणी, कुठून, काय उघडलं’ याचं उत्तर घड्याळ लावून काढायचं. सर्ट-इनला कळवायला ६ तास मिळतात. विक्रेत्याच्या मदत कक्षात तिकीट टाकून दोन दिवसांनी उत्तर येत असेल, तर योजना किंवा विक्रेता, दोन्हींपैकी एक बदलावं लागेल.